आशेरची ओळ

"क्षमा करून करून थकलो, बाई. तरी मन हलकं का होत नाही?"

शांतवन ओहोळ रिबकाबाईंच्या ओसरीवर टेकला आणि त्यानं टोपी मांडीवर ठेवली. साठी ओलांडलेला, निवृत्त मास्तर. चर्चचा पंच, भजनी मंडळाचा पुढारी. माणूस सरळ, पण आपल्या नम्रपणाचा त्याला थोडा गर्वच होता.

रिबकाबाई नाताळच्या करंज्या भरत होत्या. चाळीस वर्षं त्या गावोगाव पायी हिंडून शुभवर्तमान सांगत आल्या. आता गुडघ्यांनी दगा दिला, म्हणून लोकच त्यांच्याकडे येत.

"कुणाला क्षमा केलीस?"

"तुम्हाला ठाऊक नाही होय? आशेरला. माझ्या भावाला."

"सांग तरी."

शांतवननं घसा साफ केला. ही त्याची साक्ष होती. अकरा वर्षं घरोघरच्या प्रार्थनासभांत उभा राहून तो ती देत आला होता. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, सगळं पाठ.

"आई शेवटची घटका मोजत होती. आशेर उशाशी होता. मी तालुक्याला, शाळेत. त्यानं निरोप धाडला नाही. माती झाल्यावर मला कळलं. सख्ख्या भावानं मला आईचं तोंड बघू दिलं नाही... तरी प्रभूनं मला नवं मन दिलं, आणि मी त्याला क्षमा केली."

इथे लोक आमेन म्हणत. बाई करंजीची कड दुमडत राहिल्या.

"छान सांगतोस," त्या शेवटी म्हणाल्या. "ही क्षमा कुणाकुणाला माहीत आहे?"

"सगळ्या मंडळीला. शेजारच्या दोन गावांनासुद्धा."

"आणि आशेरला?"

शांतवननं मांडीवरची टोपी झटकली.

"शांतवन?"

"तो चर्चला येतच नाही, बाई. मन दगडाचं झालंय त्याचं."

"केव्हापासून येत नाही?"

शांतवन आठवू लागला.

"आई गेली, त्याच्या पुढच्या नाताळपासून. मी पहिल्यांदा साक्ष दिली, त्या..."



चुलीवर तेल तापलं होतं. बाईंनी एक करंजी सोडली आणि ती वर येईपर्यंत वाट पाहिली.

"आता तीच साक्ष पुन्हा दे. फक्त आशेरची चूक त्यात घालू नकोस."

"मग साक्षीत राहतं काय?"

"ते तू बघ."

तो उभा राहिला. टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली.

"आशेर माझा धाकटा भाऊ..."

पुढे काही येईना. ज्या माणसावर तो अकरा वर्षं बोलला, त्याच्याबद्दल दुसरा शब्द त्याच्या तोंडात बसत नव्हता. बाईंनी घाई केली नाही.

"भजनात पहिली ओळ मी म्हणायचो," तो हळूच म्हणाला. "दुसरी तो उचलायचा. माझा सूर फार चढला की खालून धरायचा मला. आता दुसरी ओळ सगळी मंडळी गाते. तरी मला ती रिकामीच वाटते, बाई..."

"बोल."

"नाताळ झाला की तो मुलाकडे चाललाय. कायमचा. इथल्या घराला कुलूप लागणार. किराणावाल्यानं सांगितलं मला. सख्ख्या भावाची खबर मला दुकानात कळते!"

आणि तो रडला. त्याला भाऊ हवा होता. एवढी साधी गोष्ट बोलायला त्याला अकरा वर्षं लागली.

बाईंनी पिठाचे हात पुसले.

"नाताळचं भजन म्हण. तेच, तुमचं."

"आत्ता?"

"आत्ताच."

शांतवननं डोळे मिटले. आवाज कापत होता, पण सूर सापडला. पहिली ओळ संपली आणि जुन्या सवयीनं तो थांबला. एक श्वास जागा सोडून.

तो थांबून राहिला.

बाईही थांबून राहिल्या. कढईतली करंजी लाल झाली, तरी त्यांनी ती काढली नाही.

कुणीच गायलं नाही.

"तुम्ही तरी म्हणा, बाई. तुम्हाला येते ना दुसरी ओळ?"

"येते की. तुम्हा दोघांना मीच शिकवली. पण ओसरी चुकलास, बाळा."