बेलबॉटमची दहा वर्षं

"मग सत्तरचं दशक माझं नाही, तर कोणाचं, उस्ताद?"

मुरारी पेडणेकर दर्ग्याच्या ओट्यावर ताठ बसला होता. हसन उस्ताद चादरीची किनार टाचत होते. त्यांनी मान वर केली नाही. मुरारीने पहिल्यांदा कात्री धरली ती यांच्याच हाताखाली.

गावच्या वाचनालयाला शंभर वर्षं होत होती. पुस्तक निघणार होतं. दर दहा वर्षांना एक पान, पानावर एका माणसाचा फोटो. वाचनालयाची मंडळी म्हणाली होती, उस्तादांची चिठ्ठी आण, सत्तरचं पान तुझं.

"गावात बेलबॉटम कोणी आणली? मी! मुंबईला पाहिली, परत आलो, दुसऱ्या दिवशी कापड बेतलं. वर्षभरात अख्खा गाव घेर मिरवत होता. शाळामास्तर, तलाठी, बोहल्यावरचे नवरे... सगळे माझ्या कात्रीखालून गेले."

"खरं आहे."

"मग लिहा तसं."

उस्तादांची सुई थांबली.

"त्याच्या आधी गावात कोणाच्या पँटीला घेर होता?"

"कोणाच्याच नाही."

उस्तादांनी पायरीकडे पाहिलं.

"दामूच्या होता," मुरारी पुटपुटला. "पण ती काय फॅशन होती होय! पाय झाकायला तुम्ही शिवून देत होता."

दामू कोळी तिथेच पायरीवर फुलं विकत बसला होता. लुंगी नेसलेला. डावा पाय हत्तीरोगाने खांबासारखा सुजलेला. पूर्वी तो घोळदार पँट घालून बाजारात निघाला, की पोरं मागून ओरडायची, "घागरा आला, घागरा!"

"दामू," उस्तादांनी हाक मारली, "मुरारीची बेलबॉटम आली, तेव्हा तुझं काय झालं रे?"

दामू हसला.

"व्हायचंय काय? सगळा गावच घागऱ्यात! मी बाजार हिंडलो, वरातीत नाचलो, मुलगी बघायला गेलो. बायकोला खरं सांगितलं होतं हां. सासऱ्याला नव्हतं."

"आणि पुढे?"

"पुढे घेर आटले. लोक परत बघायला लागले. मग लुंगी नेसली नि इथे येऊन बसलो."

मुरारीने आठवून पाहिलं. त्या दहा वर्षांत दामू रोज त्याच्या दुकानासमोरून गेला असणार. एकदाही तो नजरेत भरला नव्हता.

मुरारीने चिठ्ठीसाठी आणलेला कागद खिशातून काढून उस्तादांपुढे ठेवला.

"मग त्याचंच नाव लिहा, उस्ताद. मी मंडळींना सांगतो. फोटो दामूचा."

उस्तादांनी कागदाची घडी घातली आणि तो मुरारीच्या हातात परत दिला.

"दहा वर्षं त्याच्याकडे कोणी वळून पाहिलं नाही, म्हणून तर ती त्याची. आणि तू आता फोटो छापतोस?"