अर्ध्या पायलीचा देवमाणूस

काळ इतका जुना, की तेव्हा राज्य कोणाचं होतं हेही आता कुणाला सांगता येणार नाही. त्या काळी डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. लहानथोर हो, त्या गावात घरं कमी आणि झाडं जास्त. प्रत्येक अंगणाला मेंदीचं नाहीतर शेराचं कुंपण, प्रत्येक छपरावर चिंचेची नाहीतर शिरीषाची सावली.

झाडं आली की छाटणी आलीच. छपराला टेकलेली फांदी वेळेवर उतरवली नाही तर कौलं फुटतात. शेराचं कुंपण माजलं तर वाट बुजते, आणि तोडताना त्याचा चीक डोळ्यात गेला तर डोळा जातो. म्हणून गावात छाटणीवाल्यांची चार घरं होती. मोठ्या झाडाला दोन पायल्या ज्वारी आणि कुंपणाला एक पायली, असा भाव वाडवडिलांपासून चालत आलेला. तो काही कुणाच्या लहरीने ठरलेला नव्हता. एका झाडाला दोन माणसं लागतात, एक वर चढायला आणि एक खाली दोर धरायला. शिवाय तो दोर दर वर्षी नवा घ्यावा लागतो.

या चार घरांत सखोबा सगळ्यांत कसबी. तो वर चढला तर घरट्यातलं पाखरूसुद्धा दचकत नाही, असं लोक म्हणत. त्याला हे काम शिकवलं होतं म्हाताऱ्या तुळाजीने.

सखोबाचा स्वभाव मात्र फार भिडस्त. भाव सांगायची वेळ आली की त्याची जीभ टाळ्याला चिकटे. "दोन पायल्या? फार होतात रे सखोबा," असं कुणी म्हटलं, की तो खाली बघून म्हणायचा, "द्या काय द्यायचं ते."

लोक द्यायचे अर्धी पायली. आणि वर म्हणायचे, "सखोबा म्हणजे देवमाणूस!"

हा शब्द सखोबाला गुळासारखा गोड लागायचा. घरी येताना तो शब्दच मनात घोळवत यायचा. त्याची बायको सारजा दाणे पाखडत म्हणायची, "अहो, देवाला नैवेद्य तरी मिळतो. आपल्याला तोही नाही."

"गरीब माणसं आहेत ती, सारजे. कुठून देतील?"

"आणि आपण कोण आहोत?" ती विचारायची.

हळूहळू गावाला तोच भाव पडला. दुसरा छाटणीवाला दोन पायल्या म्हणाला, की लोक हसायचे. "सखोबा अर्धीत करतो. तुझ्या कोयत्याला सोनं लावलंय का?" एक घर गाव सोडून मिठागरावर कामाला गेलं. दुसरं विटा वाहायला गेलं. शेवटी एके दिवशी तुळाजी सखोबाच्या दारात उभा राहिला. खांद्यावर बोचकं होतं. कोयता, करवत, शिडी, सगळं तो लोहाराला विकून आला होता.

"काका, निघालात कुठे?"

"लेकीकडे. घाटाखाली." तुळाजी म्हणाला, "सखोबा, योग्य तो भाव सांगत जा बाबा."

"काका, मला नाही हो जमत मागायला."

तुळाजीने मान हलवली आणि तो वाटेला लागला. सखोबाला वाईट वाटलं. पण त्या दिवशी त्याच्याकडे तीन झाडांची कामं होती, आणि देवमाणसाला कुणाला नाही म्हणता येत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात गावाच्या विहिरीवरची थोरली चिंच उलली. तिची बैलाच्या पाठीएवढी जाड फांदी विहिरीवर आडवी आली होती, तिलाच मोठी चीर गेली. पाटलांनी सखोबाला विहिरीजवळच्या पारावर बोलावलं.

"काय घेशील?"

सखोबाने वर पाहिलं. हे तिघांचं काम होतं. तीन पायल्यांच्या खाली हात लावू नये असं झाड होतं. त्याने तोंड उघडलं, पारावरच्या लोकांकडे पाहिलं आणि म्हणाला, "द्या काय द्यायचं ते, पाटील."

"अर्धी पायली देतो."

अर्ध्या पायलीत खाली दोर धरायला माणूस कुठला मिळणार? सखोबा एकटाच चढला. कमरेचा दोर वरच्या फांदीला बांधून तो चिरलेल्या फांदीवर करवत चालवू लागला. अर्धी फांदी कापली गेली असेल नसेल, तोच ती कडाडली आणि एकदम खाली झुकली. सखोबाला हिसका बसला. दोराने तो हिसका क्षणभर पेलला, आणि मग तो तुटला.

पाणी भरणाऱ्या बाया किंचाळल्या. सखोबा विहिरीच्या काठावर पडला होता. जीव होता, पण कमरेखालचं अंग हलत नव्हतं.

पाटलांनी धावत येऊन तुटलेला दोर उचलला आणि ते जागच्या जागी थिजले. तो दोर नव्हताच. जुन्या काथ्याचे तुकडे गाठी मारून जोडलेले, आणि गाठींच्या मध्ये पिळलेल्या लुगड्याच्या चिंध्या.

"हे काय आहे?" पाटलांनी विचारलं. "हा यावर चढत होता?"

"माझं लुगडं आहे ते," सारजा म्हणाली. ती नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. "नवा दोर दोन पायल्यांना मिळतो, पाटील. चार झाडं उतरवावीत तेव्हा दोन पायल्या येतात. मग खायचं काय?"

सखोबाला रोज काम असतं, म्हणजे त्याच्या घरी कणगी भरलेली असणार, असंच जो तो समजत होता. त्याच्या चुलीकडे वळून कुणी पाहिलंच नव्हतं.

पण धक्का एवढ्यावर संपला नाही. पाटलांनी वर पाहिलं. अर्धी कापलेली फांदी नुसत्या सालीवर लोंबत होती. बरोबर विहिरीच्या तोंडावर.

"दुसऱ्या कुणाला तरी बोलवा," पाटील म्हणाले.

लोक एकमेकांकडे पाहू लागले. दुसरा कोण? पारावर शंभर माणसं उभी होती आणि त्यांतल्या एकालाही झाडावर चढून फांदी उतरवता येत नव्हती. ज्यांना येत होती त्यांना गावानेच हसून घालवलं होतं.

घाटाखाली तुळाजीकडे माणूस धाडला. विहिरीभोवती काटे लावले. नदी कोसभर लांब. दोन दिवस बायकांनी तिथून पाणी आणलं. तिसऱ्या दिवशी सकाळी बांगड्या भरणाऱ्या कासारणीच्या घरी तिची लेक बाळंत झाली. घरात पाण्याचा थेंब नव्हता. कासारणीने घागर घेतली, काटे बाजूला सारले आणि पोहरा सोडला. एक घागर भरायला वेळ तो किती लागतो?

फांदी पडल्याचा आवाज सखोबाने बाजेवर ऐकला. त्यापाठोपाठ एक किंकाळी.

"कोण होतं खाली?" तो ओरडला. "सारजे, कोण होतं?"

सारजा जाऊन आली. ती उंबऱ्यातच बसली. "कासारीण. जीव वाचला. उजवा हात गेला."

कासारणीचा उजवा हात! गावातली एक लेकसून अशी नव्हती जिच्या मनगटात त्या हाताने बांगडी चढवली नव्हती. सखोबा छताकडे बघत राहिला. डोळ्यांत पाणीही येईना.

संध्याकाळी तुळाजी आला. आधी तो कासारणीच्या घरी जाऊन आला आणि मग सखोबाच्या बाजेशी बसला.

"काका," सखोबा म्हणाला, "मी कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं हो. मी गावावर दया केली."

"केलीस," तुळाजी म्हणाला. "पण माझ्या ताटातलं काढून केलीस. त्या दोघांच्या ताटातलं काढून केलीस. गावातला प्रत्येक माणूस तुला गरीब दिसला, सखोबा. मी तेवढा दिसलो नाही."

सखोबाच्या छातीत कळ आली. कंबर मोडली तेव्हाही इतकं दुखलं नव्हतं. देवमाणूस हा शब्द ऐकण्यासाठी आपण काय काय देऊन बसलो, ते त्याला त्या क्षणी दिसलं. तो हुंदके देऊन रडला. म्हाताऱ्याने त्याला थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाटील सखोबाच्या दारात आले. चिंचेची उललेली आणखी एक फांदी तशीच होती. "तुळाजी, काय घेशील?"

"तीन पायल्या."

मागून कुणीतरी सवयीने बोलून गेलं, "सखोबा तर अर्धीत..." आणि मध्येच जीभ चावून थांबलं.

सखोबा बाजेवरून कोपरावर उठला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने पाटलांच्या डोळ्याला डोळा दिला. "तीन कमी आहेत, पाटील. खाली दोन माणसं उभी राहतील, त्यांचं धरा. नव्या दोराचं धरा. चार पायल्या. आणि आधी दोर येईल, मग माणूस वर चढेल."

पाटील म्हणाले, "चार."

सखोबा पुन्हा कधी झाडावर चढला नाही. वर्षभराने पायांत थोडं बळ आलं, तेव्हापासून काठी टेकत तो झाडाखाली जायचा, फांदी न् फांदी निरखायचा आणि भाव सांगायचा. मिठागरावरचं घर परत आलं. विटा वाहणारं मात्र आलं नाही. सखोबाच्या वाट्याच्या दाण्यांतलं एक मापटं दर झाडामागे कासारणीच्या घरी जायचं. तिने ते कधी नाकारलं नाही, आणि त्याच्याशी ती पुन्हा कधी बोललीही नाही.

एखादी खरीच निराधार बाई आली तर सखोबा म्हणायचा, "तुझं कुंपण आम्ही फुकट छाटून देऊ, बाई. दान द्यायचं तर दान म्हणून देऊ. भाव मात्र पाडणार नाही."

बोध असा, की स्वतःच्या कष्टाचं खरं मोल न सांगणं हा मोठेपणा नव्हे. त्याची किंमत शेवटी दुसऱ्या कुणाला तरी मोजावी लागते.