कोतवालाची किल्ली

चंद्रभान राजाला संशयाचं खूळ लागलं. त्यानं फर्मान काढलं की राज्यातली निरोपाची प्रत्येक डबी कोतवालाच्या एकाच किल्लीनंही उघडता आली पाहिजे. शिपायाची बायको सगुणा सरहद्दीवरल्या नवऱ्याला मनातलं लिहायची. परका वाचणार म्हटल्यावर बिचारीचा हातच चालेना.

एके दिवशी तिनं दरबारात येऊन ती किल्ली राजापुढं ठेवली.

“कोतवालसाहेब ही तांबोळ्याच्या दुकानात विसरले, महाराज.”

राजा दचकला. राणी माहेरी होती, त्यानं तिला धाडलेल्या डबीलाही हीच किल्ली लागत होती.

“माझा निरोप वाचलास?”

“नवराबायकोचं बोलणं कशाला वाचू? पण हीच शत्रूला सापडली असती तर?”

राजानं मान खाली घातली आणि किल्ली वितळवून टाकली.

त्याच सांजेला सगुणेची डबी निघाली. आत काय लिहिलं होतं म्हणता? तुम्हाला काय करायचंय!