पवळीचं काकड

पुन्हा मलाच पुढं केलंय. गावात बोलणारी तोंडं कमी नाहीत. पण शहराची गाडी आली, रानभाजीचं जेवण उरकलं, की लगेच "म्हाताऱ्याला बोलवा, झाडाची गोष्ट तो सांगतो." म्हाताऱ्याच्या गुडघ्यांचं कोण बघतो? चढवून आणलंच आहे तर सांगतो. फोन तेवढे खिशात घाला.

बांधावर वाकून उभं आहे ते झाड काकडाचं. त्याच्या बुडाशी जांभळट कोंब दिसतात ती शेवळं. मघाशी बोटं चाटत खाल्लीत ना, तीच. मिरगाच्या तोंडाला अख्ख्या मोहखिंडीत शेवळं आधी इथं वर येतात आणि इथंच सगळ्यात जाड येतात. पण इथलं शेवळ कुणी कापत नाही. गुरंसुद्धा हाकलतो आम्ही. दुसरं एक तुम्ही खाली घरात पाहिलंत. जिनं रांधलं तिला पहिलं ताट, आणि वाढायला घरातला सगळ्यात मोठा पुरुष. तुमच्यातली एक ताई म्हणाली, "किती गोड पद्धत आहे!" गोड काही नाही त्यात. ऐका.

फार मागं, असं सांगतात, मोहखिंडीत रायाजी नावाचा माणूस होता. घर भरलेलं, मान मोठा, आणि जीभ त्याहून मोठी. त्याचा धाकटा भाऊ म्हादू. दोघांच्या शेतांच्या मधल्या बांधावर हे झाड. ते कुणाचं, यावरून भावाभावांत पेटलं. पंचांनी झाड म्हादूला दिलं. रायाजीनं तिथल्या तिथं शपथ घेतली, की या झाडाचं फळ माझ्या उंबऱ्याच्या आत येणार नाही.

आता शेवळाचं कसं आहे, तुम्हाला सांगायला हवं. तुम्हाला ताटात आलेलं ठाऊक. शेवळ खाजरं. वरचं सोलायचं, आतला पिवळा भाग काढून टाकायचा, बारीक चिरायचं, तेलावर चांगलं परतायचं, आणि काकडाचा आंबट रस घालायचा. तो पडला की खाज मरते. नाही पडला तर घशात सुया टोचतात. म्हणून बाजारात शेवळाच्या जुडीबरोबर चार काकडं येतात. ती शोभेला नसतात. म्हादूचं झाड सोडलं तर दुसरी काकडं डोंगरापलीकडच्या रानात. जाऊन यायचं म्हणजे दिवस मोडायचा.

या रायाजीची सून पवळी. खालच्या गावातली, गरिबाघरची. पण तिच्या माहेरी शेवळाचे दिवस म्हणजे सण असायचा, म्हणे. सगळ्या बायका पडवीत मांडी घालून सोलायला बसायच्या, एकमेकींच्या नवऱ्यांच्या नकला करायच्या. कढईतली भाजी शिजत आली की आई पवळीच्या तळहातावर चिमूटभर ठेवायची. "बघ गं, खाजतंय का. तुझी जीभ शहाणी आहे." पवळीनं "घाल अजून आंबट" म्हटलं की आई घालायची. मग सगळी एका परातीभोवती बसायची, तांदळाची भाकरी मोडायची.

सासरी आल्यावर पहिल्याच दिवशी तिनं कढईतलं जरा तळहातावर घेतलं, तर सासू ओरडली, "अगं ए! देवाला दाखवल्याशिवाय नि पुरुष उठल्याशिवाय जीभ लावायची नाही. तुमच्याकडं चालत असेल, इथं नाही." तेव्हापासून पवळी वासावर रांधायची. तरी हाताला चव होती. रायाजी दोन घरी सांगत हिंडायचा, की शेवळं खावीत तर माझ्या घरची. तिला मात्र तोंडावर कधी बरं म्हणाला नाही.

त्या वर्षी रायाजीच्या लेकीला बघायला सोयरे यायचे होते. ठरल्या दिवसाच्या आधीच येऊन टेकले. रायाजीनं पडवीतूनच हाळी दिली, "सूनबाई, शेवळं कर. यांना आपल्या घरची चव कळू दे."

पवळी दाराआड आली. कडेवर तान्ही ठकी. हळू आवाजात म्हणाली, "मामंजी, शेवळं आहेत, पण काकड नाही. आज वालाचं बिरडं करते. उद्या हे रानात जाऊन काकडं आणतील, मग करू."

"मी शेवळं सांगून बसलोय."

"मग धाकल्या मामंजींकडनं चार काकडं मागून आणू? बांध इथंच तर आहे."

रायाजी उठून आत आला. "त्या झाडाचं फळ या घरात आलं, तर तुझा पाय या घरात राहणार नाही. चिंच घाल की. आंबट ते आंबट."

चिंच होती ती बरणीच्या तळाची, मागल्या सालची, काळी पडलेली. पवळीनं होती तेवढी कोळून घातली. शेवळं नेहमीपेक्षा जास्त वेळ परतली. वासावरून काही कळेना. ती सासूला म्हणाली, "आत्याबाई, नखाएवढी चाखते. मला भरवसा वाटत नाही."

"देवाला उष्टं दाखवू?" सासू म्हणाली. "झाकण घाल."

नैवेद्य झाला. पानं वाढली. सोयऱ्यांतल्या म्हाताऱ्यानं पहिला घास घेतला, दुसरा घेतला, आणि हात थांबवला. घसा खाकरला. पाणी प्यायला. पाण्यानं आणखी चढलं. डोळ्यांतनं पाणी गळायला लागलं, तसा हसून म्हणाला, "काय हो रायाजी, भाजी आहे का खाजकुयली? लेक आमच्याकडं द्यायची आहे, का आम्हाला मारायचंय?"

बाकीचे हसले आणि हसता हसता खोकायला लागले.

इथं रायाजीला एवढंच म्हणायचं होतं, की सून काकड नाही म्हणत होती, मीच ऐकलं नाही. सोयरे हसले असते. भाकरी-दुधावर भागलं असतं. पण त्याची जीभ, म्हटलं ना, मानापेक्षा मोठी. तो गरजला, "हिनं काहीतरी घातलंय! लेकीचं लगीन मोडायचं म्हणून घातलंय. आता चालती हो. पोर इथंच राहील, ती आमच्या घरची आहे."

पवळीनं नवऱ्याकडं पाहिलं. नवरा गोमा. तो ताटाकडं बघत बसला होता, जसं काही त्या ताटात त्याचं काही हरवलंय. सासूकडं पाहिलं. सासू चुलीतली लाकडं मागं ओढत होती. घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं, काकड का नव्हतं ते.

ठकीनं आईच्या पदराची गाठ मुठीत धरली होती. पवळीनं ती मूठ सोडवली नाही. म्हणाली, "मी काही घातलं असेल तर मला बाधेल. घातलं नसेल तर तुम्हाला खाजलं तेवढंच मला खाजेल. कढई आणा, मी खाते. पण खाऊन झाल्यावर मामंजींनी या सगळ्यांपुढं म्हणायचं, चुकलं ते माझं. आणि पोर माझ्याजवळ राहील."

"खाऊन दाखव. म्हणेन," रायाजी म्हणाला.

सासूनं पोरीला उचलून घेतलं. कढई मधे ठेवली. पवळी बसली आणि खाऊ लागली. भाकरी नाही, पाणी नाही. तिचे ओठ सुजले. गाल सुजले. घास आत जाईना तरी ढकलत होती. तो सोयऱ्यांतला म्हातारा उठला आणि म्हणाला, "पुरे रे बाबा, पुरे, मी थट्टा केली." रायाजी हलला नाही. पवळीनं तळ बोटानं पुसून खाल्ला आणि सासऱ्याकडं तोंड करून बसली. बोलता येत नव्हतं. वाट बघत होती.

रायाजी हात धुवायला उठला. जाताना म्हणाला, "बघू उद्या."

एवढाच शब्द. घसा तोवर निम्मा तरी उघडा होता, असं जुन्या बायका सांगायच्या. त्या शब्दानं मिटला.

कुणाच्या लक्षात यायच्या आत ती बाहेर पडली. त्या घरातलं कुणी जिथं पाय ठेवत नव्हतं, त्या बांधावर ती चढली. सकाळी म्हादू शेताकडं आला तर झाडाला टेकून बसलेली. तोंडात काकडाचा चोथा, दोन्ही मुठींत काकडं. आंबट घशाखाली उतरलंच नव्हतं.

गोमाचं पुढं दुसरं लगीन झालं. होतंच. ठकीला म्हादूच्या बायकोनं वाढवलं. सोयरीक मोडली ती मोडलीच.

आणि रायाजीला त्या दिवसापासून काही गिळवेना. भाकरी खाजे, भात खाजे, पेज खाजे. दूध पाजलं तर त्याच्याही सुया होत, म्हणे. भरल्या घरात माणूस वाळत चालला. शेवटी गावदेवीच्या भगतानं सांगितलं, तुझ्याकडं एक शब्द अडकलाय, तो काढ. मग त्याला उचलून या झाडाखाली आणला. सगळा गाव बघत होता. तो म्हणाला, "चुकलं ते माझं."

तुम्हाला वाटलं असेल, आता तो बरा झाला. नाही झाला. म्हणून म्हणालो, गोड काही नाही यात. शब्द बाहेर आला, पण ज्या कानांसाठी होता ते कान गेले होते. तो उपाशीच मेला, बायकोनं हातात धरलेल्या पेजेच्या वाटीकडं बघत. पुढल्या मिरगाला झाडाच्या बुडाशी शेवळं वर आली, ती बसली होती तेवढ्याच जागेत दाटीवाटीनं. म्हादूनं ठकीला बोट धरून आणलं, दाखवलं, आणि कुणाला कापू दिली नाहीत.

त्यावरून गावानं ठरवलं, की हा शब्द मागनं उपयोगाचा नाही, आधी म्हणायचा. आजही मोहखिंडीत शेवळं शिजली की नैवेद्याच्याही आधी घरातला मोठा पुरुष उठतो, पहिलं ताट करतो, जिनं रांधलं तिच्यापुढं ठेवतो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतो, "चुकलं असेल ते माझं." ती खाते. ती "वाढा" म्हणाली की मग देव, पाहुणे, पोरंटोरं. देवाला उष्टं चालतं. आमच्या देवीनं तरी कधी तक्रार केलेली नाही.

आणि रांधणारी बाईच असते असंही नाही. आमची ही गेल्यापासून आमच्यात चूल माझ्याकडं आहे. शेवळं मी सोलतो, मी परततो. परवा सगळी जेवायला जमली, लेकी आल्या, जावई आले. मी कढई उतरवली, भिंतीला टेकून बसलो आणि ताटाची वाट बघत राहिलो. घरातला मोठा पुरुष उठला, स्वतःचं ताट भरून घेतलं, घास घेतला आणि जावयांपुढं म्हणाला, "खाजतंय रे." तोंडात एक दात नाही त्याच्या. खाजलं नव्हतं. बाकी सगळ्यांनी दोनदा घेतली भाजी. ताट माझ्यापुढं आलं नाही, आणि तो शब्द तर नाहीच.

माझा सख्खा थोरला भाऊ आहे तो. उतरताना निळ्या पत्र्याचं घर लागेल, ओटीवर बसलेला असेल. त्याला नावानं हाक मारा आणि सांगा, मी अजून वाट बघतोय. नाव त्याचं काथोड धाऊ शेलार.