आपोआप चालणारा ऑइलर

किक मारल्याशिवाय कुठलीच मोटरसायकल जागी व्हायची नाही, त्या काळातली ही गोष्ट. इसाक पाववाला दर शुक्रवारी अंगणात बसायचा आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने आपल्या मोटरसायकलच्या चेनला तेल लावायचा. एकदा त्याने चेनवर थेंब थेंब तेल सोडणारा ऑइलर बसवून घेतला.

"आजोबा, आता आराम करा," ऑइलर ब्रशला म्हणाला. "मी आपोआप चालतो. मला कुणाची मदत लागत नाही."

ब्रश मुकाट्याने खिळ्यावर जाऊन लटकला.

दोन महिने चेन मजेत पळाली. मग करकरायला लागली.

"अरे, माझा थेंब कुठंय?" तिने विचारलं.

"डबी रिकामी झालीय," ऑइलर पुटपुटला.

"मग जरा खडखड कर की! मालकाला कळू दे!"

"शी! आपोआप चालणाऱ्याने मागायचं? शोभतं का ते?"

तिसऱ्या दिवशी चढावर कोरडी चेन उतरली. मोटरसायकल कलंडली, पाव रस्ताभर पसरले आणि गावच्या कुत्र्यांची सकाळीच पंगत बसली.

इसाकने गाडी ढकलत घरी आणली. "तेल संपलं होय! मला वाटलं, याचं हा बघतो," असं म्हणत त्याने ब्रशने चेन घासली आणि ऑइलरची डबी काठोकाठ भरली.

खिळ्यावर परत जाता जाता ब्रशने हळूच विचारलं, "काय बाळा, आपोआप भरलास ना?"

ऑइलरने फक्त एक थेंब सोडला.