दारामागचा गज

"गुरुजी, आता काय राहिलं?"

सारंगनं इचारलं, पर हात पुसत इचारलं. म्हंजे काय बी ऱ्हायलं न्हाई, असंच त्याला ऐकायचं व्हतं.

गुरुजी म्हंजे माझे धाकटे दीर, जोतिराम मिस्त्री. मेढ्याच्या रस्त्याला आमचं पत्र्याचं शेड हाय. एका अंगाला भावजी जीपा खोलत्यात, दुसऱ्या अंगाला म्या जीपांची कापडी छतं शिवते. गावात त्यास्नी कुनी गुरुजी म्हनत न्हाई. ह्या पुन्याच्या इंजिनेरानं पयल्यांदा म्हनलं, तवा माझ्या तोंडातला चा शिलाईच्या मशिनीवर उडला.

भावजींनी गाडीला एक चक्कर मारली. टायरला लाथ न्हाई, बॉनेटला हात न्हाई. नुसती चक्कर.

"बसायचं ऱ्हायलंय," म्हनले.

"रोज बसतोय की मी."

"तू न्हवं."

सारंग हसला. "आई बसणार आहे, गुरुजी. तिच्यासाठीच तर केली."

"मग बसव."

…

गाडी त्याच्या वडलांची. ते असताना समद्या घरानं सुट्टी लागली की कोयनेच्या पान्याकाठी जायचं, तंबू ठोकायचा, स्टोव्हवर भात लावायचा. गाडी चिखलात रुतली की आईनं स्टेरिंग धरायचं, बाकीच्यांनी ढकलायची. वडील गेले, आन् गाडी पार्किंगमधी कव्हराखाली चौदा वर्सं उभी ऱ्हायली. आई परत त्या पान्याकडं गेल्या न्हाईत. कुनी चला म्हनलं की गुडघे दाखवायच्या.

यंदा सारंगनं त्यास्नी कसंबसं हो म्हनायला लावलं. येकदाच येईन, म्हनल्या. जमलं तर.

त्या "जमलं तर"साठी ह्यो गडी सा म्हैने दर शनवार-रैवार मेढ्याला आला. मिस्त्रीकडनं करून न्हाई घेनार, मिस्त्रीच्या हाताखाली सोता करनार. पोरगं हुशार. हात बी चांगला. पर मोबाईलवर येवढं बघून आलेलं, की भावजींनी पाना उचलायच्या आधी ह्योच सांगायचा तो कितीचा हाय. भावजी ऐकून घ्यायचे. पाना खाली ठेवायचे. परत उचलायचे.

म्हनून म्या त्याची जरा गंमत केली.

"गुरुजींचा एक नेम हाय," म्हनलं. "चावी फिरवायच्या आधी बॉनेटवर तीनदा टिचकी मारायची. कुनाला सांगत न्हाईत ते. मन लावून बघनाऱ्याला दिसतं."

तवापास्नं मारतोय. भावजींनी येकदा मला बाजूला घेऊन इचारलं, "वैनी, ह्यो बॉनेट का वाजवतोय?"

"मला काय ठावं? चेला तुमचा."

गाडीचं सोनं केलं त्यानं, खोटं कशाला बोलू. गंज खरवडला, इंजीन उतरवलं, घासून परत बसवलं. ब्रेक नवे, स्टेरिंग एका बोटानं फिरंल असं. गाडी वीतभर उचलली. टायर माझ्या कमरेयेवढं. टपावर उघडमिट करायचा तंबू, म्होरं दिव्यांची माळ, मागं फ्रिज.

"फ्रिज कशाला रं? कोयनेचं पानी हाय की बाजूला."

"आईच्या दह्यासाठी, मावशी. तिला प्रवासात दुसरं काही पचत नाही."

म्या परत मशीन चालू केली.

आता येकच सांगायचं ऱ्हायलं. चार म्हैन्यांमागलं.

डाव्या दारामागं, पत्र्याच्या कडेला, वीतभर गज व्हता. विळ्यासारखा वाकवलेला, वर सायकलची ट्यूब गुंडाळलेली. सारंगनं बघितला आन् नाक मुरडलं.

"गुरुजी, हे ओरिजिनल नाहीये."

"न्हाई."

"कुठल्या गाढवानं वेल्डिंग मारलंय हे? शिकाऊच असणार कोणीतरी. टाके बघा कसे घातलेत."

भावजींनी चष्मा काढून पुसला. म्या दातात दोरा धरला, हसू फुटाय नको म्हनून.

"कापू?"

"गाडी तुझी."

"म्हणजे कापू ना?"

…

कापला. कड घासली, लांबीचा लेप भरला, रंग चढवला. इतका साफ, की जागा त्याची त्याला घावू नये. तुकडा खाली पडलेला. भावजींनी उचलला, माझ्या म्होरं ठेवला.

"वैनी, ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी."

येवढंच.

तर त्या रैवारी सारंग आईला आन् लेकीला संगं घेऊनच आलता. हितनंच फुडं पान्यावर जायचं ठरलेलं, बायको दुसऱ्या गाडीनं परभारी येनार व्हती. लेक ओवी, सा वर्साची, आल्या आल्या तंबूच्या शिडीवर चढून बसली.

आई बाकावर बसल्या व्हत्या. "मग बसव" ऐकल्यावर आपन होऊन उठल्या. गाडीकडं आल्या.

"केवढी उंच केलीस रे!"

"पायरी आहे ना, आई. हे बघ. बटण दाबलं की खाली येते."

पायरी आली. गूंऽ करत आली. आईंनी पाय ठेवला. डाव्या हातानं काचेची चौकट धरली. आन् उजवा हात मागं नेला.

न बघता नेला. डोळं सीटवर, तोंडानं ओवीला म्हनत्यात, "पडशील गं माकडे," आन् हात आपला मागं.

मूठ मिटली.

मुठीत काय बी न्हाई.

परत उघडली. बोटं रंगावरनं फिरली, वर, खाली. समदं गुळगुळीत.

"इथे काहीतरी होतं ना रे?"

सारंग लगबगीनं त्यांच्या मागं गेला.

"थांब, आई, मी धरतो. मागून आधार देतो, तू नुसती…"

"नको." आईंनी पाय खाली घेतला. "मला कुणी ढकललेलं नाही आवडत. तुझ्या बाबांनाही कधी ढकलू दिलं नाही मी. म्हणून तर त्यांनी…"

पदर सारखा केला.

"असू दे. किती सुंदर केलीस गाडी. तुम्ही जाऊन या. मी घरीच बरी."

…

सारंगनं आईकडं बघितलं.

"म्हणून त्यांनी काय, आई?"

"अरे, तू पोटात होतास. सातवा महिना. सगळे नको म्हणत होते आणि मला जायचंच होतं. चढता येईना. उचलू देईना, ढकलू देईना. मग म्हणाले, चल, मेढ्याला जाऊ, तुझ्या हाताला काहीतरी देतो." आईंनी भावजींकडं नीट बघितलं. "तुम्ही जोतिरामच ना? केस पिकले हो. तेव्हा नुकती मिशी फुटली होती."

भावजींनी हात जोडले.

"शिकाऊ व्हतो, बाई."

सारंगचे कान लाल झाले. गाडीच्या मागच्या दिव्यांपेक्षा लाल. भावजींकडं बघायची त्याला हिंमत झाली न्हाई, म्हनून माझ्याकडं वळला.

"मावशी, तो गज कुठाय?"

अशा वक्ताला चांगल्या बाईनं उठून गज आनून दिला असता.

"भंगारात टाकला की," म्या म्हनलं. "मागल्या ढिगात बघ. वरवर न्हाई, पार बुडाला."

गेला. इस्त्रीच्या शर्टानं गेला. सायलेन्सर उपसले, फाटक्या टायरी उपसल्या, एक घूस उठवली. ओवी शिडीवरनं उतरून त्याच्या मागं. "बाबा, हा का? बाबा, हा? मग हा?" सारंग आत कमरेयेवढा शिरलेला, नुसते बूट भाईर. आईंनी आधी तोंडाला पदर लावला. मग पदर सुटला आन् त्या मोकळ्या हसाय लागल्या.

मग माझ्या कानाशी आल्या. "खरंच तिथे आहे का हो?"

"न्हाई वो. ह्यो काय."

माझ्या म्होरं ताडपत्री अंथरलेली व्हती. कापताना वाऱ्यानं उडू नये म्हनून वर वजन ठेवते. तेच ते. चार म्हैने ह्यो सारंग त्याच्या शेजारी मांडी घालून माझ्या हातचे पोहे खातोय.

"वैनी," भावजी लांबनंच म्हनले. "पुरं."

म्हनून सारंगला हाक मारली.

आला. डोक्यापास्नं बुटापातूर काळा. मला वाटलं, आता रागावतंय. न्हाई. गज हातात घेऊन उभा ऱ्हायला. ट्यूब एका जागी झिजून पार पातळ झालेली. त्या जागंवर त्यानं आपली मूठ ठेवून बघितली. झीज त्याच्या मुठीपेक्षा ल्हान व्हती.

मग त्याच्यातला इंजिनेर जागा झाला.

"आधीचा फोटो आहे माझ्याकडे. बरोबर तीच जागा काढतो, गुरुजी. एक मिलिमीटर इकडेतिकडे होणार नाही."

मोबाईल काढला. टेप काढला.

भावजींनी त्याच्या हातातनं टेप घेतला आन् आपल्या खिशात घातला. खडू दिला.

"आईस्नी डोळं मिटाय सांग."

"का?"

…

"आई, डोळे मीट."

आईंनी मिटले. पाय पायरीवर ठेवला. हात मागं गेला, हवेत थांबला. सारंगनं त्या हाताच्या पाठीमागं पत्र्यावर खडू ओढला.

फोटोतल्या जागंपरीस सा बोटं खाली.

"गुरुजी, पण ओरिजिनल जागा वर आहे."

"तवा त्या तेवीसच्या व्हत्या," भावजी म्हनले. "आन् गाडी बी खाली व्हती."

सारंगनं ग्राइंडर उचलला. ह्या पत्र्यावर त्यानं किती दिस पॉलिशपेपर मारलाय, ते म्या बघितलंय. रंगाचे चार हात. बोटांची साल निघालेली. बटनावर बोट ठेवून तो नुसता उभा.

भावजी "घास" म्हनले न्हाईत. मागल्या टायमाला "काप" बी म्हनले न्हवते.

…

ठिनग्या उडल्या.

वेल्डिंग बी त्यानंच मारलं. टाके वाकडेतिकडे पडले. भावजींनी वाकून बघितलं.

"शिकाऊच हाय कुनीतरी," म्या म्हनलं.

सारंगनं वेल्डिंगचा काळा चष्मा वर केला आन् हसला. सा म्हैन्यांत पयल्यांदा आपल्याच कामाला हसला.

गजाभवतीचा हिरवा रंग जळून पंजायेवढा काळा झालता. गडी ब्रश आनायला वळला, तर आई म्हनल्या, "राहू दे तसंच." गज गार झाल्यावर सोडून ठेवलेली ट्यूब त्यांनी सोता गुंडाळली. वरनं म्या खाकी कापडाची पट्टी घट्ट शिवली.

आईंनी पाय ठेवला. हात मागं नेला. न बघता नेला.

मूठ मिटली.

बसल्या.

आईंनी खिडकीतनं नुसतं माझ्याकडं बघितलं, आन् मला मशिनीखाली सुई हुडकायचं काम निघालं.

"थांबा, थांबा!" ओवी पळत म्होरं गेली आन् बॉनेटवर तीन टिचक्या मारल्या.

"हे काय गं?" आई.

"गुरुजींचा नियम आहे," सारंग म्हनला. "त्याशिवाय चावी फिरवायची नाही."

भावजींनी माझ्याकडं बघितलं. म्या सुईत दोरा ओवत व्हते. आताशा दिसत न्हाई मला चांगलं.

गाडी चालू झाली. आवाज असा, की शेडाचा पत्रा सुदीक गप उभा ऱ्हायला. सारंगनं गेर टाकला… परत काढला. खाली उतरला. भावजींच्या म्होरं येऊन उभा ऱ्हायला.

"गुरुजी, तुम्हीच लावला होता तो. मी कापत होतो तेव्हा तुम्हाला सगळं ठाऊक होतं."

"व्हतं."

"मग सांगितलं का नाहीत?"

भावजींनी खिशातनं टेप काढला, त्याच्या तळहातावर ठेवला.

गाडीत आई ओवीला सांगत व्हत्या, आजोबा तंबूची खुंटी नेमकी कुठं ठोकायचे ते.

…

"सांगितलं असतं," भावजी म्हनले, "तर नुसता गज ऱ्हायला असता."