शिंकणारी डुकरं आणि लसणाची चटणी

करंजगडच्या राजाची डुकरं शिंकत होती.

डुकरं साधीसुधी नव्हती. शेजारच्या राजाने भेट म्हणून पाठवलेली पांढरीशुभ्र पिल्लं होती ती, आणि दसऱ्याला तो स्वतः त्यांना बघायला येणार होता. भैरवराजाने त्यांना गुळगुळीत फरशीवर ठेवलं, रोज अत्तराच्या पाण्याने आंघोळ घातली आणि राजवैद्य त्र्यंबकशास्त्रींना त्यांच्या दिमतीला दिलं. शास्त्रीबुवांनी सकाळी एक भस्म सुरू केलं, दुपारी दुसरं, आणि त्या दोघांचं पोटात भांडण होऊ नये म्हणून संध्याकाळी तिसरं. पिल्लं वाळून काटकी झाली, मग शिंकायला लागली.

ओढ्यापलीकडे डुकरं पाळणाऱ्या दुर्गप्पाची लेक तिमव्वा राजवाड्यातलं खरकटं न्यायला यायची. तिची जीभ तिच्या ताब्यात कधीच नव्हती. तिने कुंपणातून पिल्लं पाहिली आणि मागे कोण उभं आहे हे न बघताच बोलून गेली, "ह्यास्नी रोग न्हाई झाला. औषध झालंय!"

मागे महाराजच उभे होते.

भैरवराजा म्हणजे हट्टाचा पुतळा. एकदा धो धो पावसात 'आज ऊन आहे' म्हणाला, तर संध्याकाळपर्यंत सगळा दरबार घाम पुसत बसला होता. त्याने तिथल्या तिथे हुकूम सोडला. पिल्लं तिमव्वाने न्यायची आणि दसऱ्याच्या आत धष्टपुष्ट करून आणायची. औषधाचा एक कणही त्यांच्या पोटात जाता कामा नये. गेला, तर दुर्गप्पाचा सगळा कळप राजवाड्यात जमा आणि बापलेकीने राज्याबाहेर चालू पडायचं.

दुर्गप्पाने कपाळाला हात लावला. त्या कळपावरच तर घर चालत होतं. तुझं तोंड आहे की नगारा, असं तो लेकीला दिवसभर विचारत राहिला.

पिल्लांना तर मातीत नाक खुपसायचं असतं हेही ठाऊक नव्हतं. नव्या सोयरिकीत आलेल्या पाहुण्यांसारखी ती अंगणात अवघडून उभी राहिली. शेवटी तिमव्वाच्या म्हाताऱ्या डुकरिणीने एकेकाला ढुशी मारून उकिरड्याकडे नेलं आणि उकरायला शिकवलं. तिमव्वा रोज त्यांच्याखालचा ओला पेंढा काढून कोरडा घालायची, दाटीवाटी होऊ द्यायची नाही, सकाळचं ऊन चुकू द्यायची नाही. खायला ताकात आंबवलेला कोंडा, त्यात ठेचलेला लसूण आणि चिमूटभर हळद. तिच्या आजीपासून कळपाचा आहार हाच होता.

तरी सगळ्यात लहान पिल्लू एक दिवस खाईनासं झालं. तिमव्वा खरोखरच घाबरली. गुपचूप शास्त्रीबुवांची एक पुडी आणू, कुणाला कळणार आहे, असं बाप म्हणाला, आणि तिलाही क्षणभर ते पटलं. पण तिने पिल्लाला चुलीपाशी उबेला घेतलं आणि बोटाने थोडं थोडं ताक चाटवलं. सकाळी पिल्लाने ते बोटच चावलं, तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी गुबगुबीत झालेली पिल्लं दरबारात आली ती न शिंकता, धावतच. एकाने भालदाराला आडवं केलं. महाराज पाहुण्याच्या विचाराने खूश झाले आणि या पोरीपुढे हरण्याच्या विचाराने लालबुंद. त्यांनी तिमव्वावर पाळतीला माणूस ठेवला होता. त्याचं सांगणं आठवून ते शास्त्रीबुवांकडे वळले.

"शास्त्रीबुवा, लसूण औषध आहे की नाही?"

शास्त्रीबुवांनी आधी महाराजांचा चेहरा वाचला. "औषधच, महाराज. ग्रंथात आहे."

"हळद?"

"औषध."

"ताक?"

"परम औषध!"

महाराजांना आता जोर चढला. "आणि चिखल? चिखलात लोळवलंय हिने त्यांना!"

"चिखलसुद्धा, महाराज. लेप असतो त्याचा."

कळप गेला, घर गेलं, हे दुर्गप्पाला दिसलंच. तिमव्वाची जीभ मात्र गप्प बसेना. तिने हात जोडून एकच प्रश्न विचारायची परवानगी मागितली आणि ती शास्त्रीबुवांकडे वळली.

"बुवा, म्हाराज आज काय जेवले?"

राजाचं ताट शास्त्रीबुवांच्या देखरेखीखाली वाढलं जायचं आणि त्याचा त्यांना भारी अभिमान होता. ते छाती फुगवून म्हणाले, "भाकरी, पिठलं, लसणाची चटणी आणि वाटीभर ताक. पिठल्यातली हळदसुद्धा मी निवडलेली."

"म्हंजे म्हाराजांना औषध चालू हाय," तिमव्वा म्हणाली. "कुठला रोग झालाय त्यास्नी?"

राजा आजारी आहे असं भर दरबारात म्हणणाऱ्याची रवानगी थेट तळघरात व्हायची.

"शिव शिव!" शास्त्रीबुवा चाचरले. "महाराज ठणठणीत आहेत. सकाळीच नाडी पाहिली मी."

"मग म्हाराजांनी खाल्लं तर जेवाण, आन् माझ्या डुकरानं खाल्लं तर औषध, व्हय? काय ते एकच सांगा, बुवा. जेवाण असंल तर मी औषध दिलंच न्हाई. आन् औषध असंल, तर म्हाराज आजारी हाईत आन् तुम्ही ते दडवून ठिवलंय."

शास्त्रीबुवांनी महाराजांकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं. दार लांब होतं. कपाळावरचा घाम उपरण्याने टिपत ते हळूच म्हणाले, "महाराज, मलाच जरा बरं वाटेनासं झालंय."

"मग लसूण खावा, बुवा," तिमव्वा म्हणाली. "जेवाण म्हणून!"

महाराजांनी मिशीखाली हसू दाबायचा प्रयत्न केला, पण ते फिस्सकन बाहेर आलं, आणि मग पोट धरून ते इतके हसले की मुकुट मांडीवर आला. हट्टी माणूस हरला की चिडतो, पण हरताना हसू आलं तर काय करणार! ओढ्याकाठचं कुरण त्यांनी त्याच वेळी दुर्गप्पाला दिलं, वाड्यातलं उरलेलं ताक रोज त्याच्या कळपाकडे पाठवायला सांगितलं, आणि पाहुणा राजा परत गेला की पांढऱ्या पिल्लांमधली हवी ती दोन तिमव्वाने निवडून घ्यावीत असा हुकूम, हसता हसताच, सोडला.